जाळीचा तक्ता

१५ ऑक्टोबर

ही वही यांच्या डोळ्यासाठी आणली आहे. डॉ. शर्मिला पटेरिया म्हणाल्या, "माता जी, रोज का हाल तारीख डालकर लिखिए." म्हणून पहिली नोंद: जगन्नाथ, वय चौऱ्याहत्तर. उजव्या डोळ्याची मधली नजर गेलेली, तिच्यावर आता उपाय नाही. डाव्याच्या पडद्याखाली पाणी झालं आहे. ते आटावं म्हणून महिन्याला एक अशी तीन इंजेक्शनं, थेट डोळ्यात. आज पहिलं झालं. वयाचा आजार आहे, असं डॉक्टर म्हणाल्या. लवकर आला असतात तर बरं झालं असतं, असंही म्हणाल्या.

झाली डॉक्टरांची नोंद. आता माझी. मला संताप आला आहे आणि तो कुठेतरी ठेवायला जागा हवी. हे आता वही वाचू शकत नाहीत, तेव्हा इथेच ठेवते.

आमच्या घरची एक रीत आहे. सकाळी मी पोळ्या लाटायच्या आणि यांनी स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून पेपर मोठ्याने वाचायचा. मी शाळेत गणित शिकवायची, साडेनऊला घर सोडायची, पेपर बघायला वेळ कुठला? तेव्हा सुरू झालेलं हे वाचन दोघं रिटायर झालो तरी चालूच राहिलं. गेल्या गुरुवारी मी दही काढायला यांच्या मागून गेले. यांच्या हातात पहिलं पान. त्यावर दागिन्यांची जाहिरात, पानाएवढी नवरी. आणि हे खणखणीत आवाजात वाचतायत, "नगर निगम की बैठक में हंगामा, पार्षदों ने उछालीं कुर्सियाँ."

मी म्हटलं, "नवरीच्या गळ्यात नगर निगम कुठे दिसलं तुम्हाला?"

रात्री टीव्हीवर ऐकलेल्या बातम्या पाठ करून सकाळी मला वाचून दाखवत होते. एक दिवस नाही, आठ महिने! काहून नाही सांगितलं विचारलं, तर म्हणतात, "तू घाबरली असती नं." मी घाबरेन म्हणून यांनी एक डोळा घालवला आणि दुसरा घालवायला निघाले.

जबलपूरला रिछाईच्या कारखान्यात चौतीस वर्षं माल तपासायचं काम केलं या माणसाने. केसाएवढा फरक असला तरी माल परत. आणि दर सोमवारी मालाला हात लावण्याआधी आपलं गेज तपासायचं, म्हणजे मोजायचं हत्यारच बरोबर आहे ना ते बघायचं. हा नियम यांनी मला, आमच्या आल्हादला, येणाऱ्या-जाणाऱ्याला हजारदा ऐकवला आहे. त्या माणसाने स्वतःच्या डोळ्याचं गेज आठ महिने तपासलं नाही.

१७ ऑक्टोबर

डोळ्यापुढे काळे फुगे तरंगतात म्हणाले. दवाखान्यात फोन केला. जातील आपोआप, म्हणाले. गेले.

आल्हादचा हैदराबादहून फोन. "आई, तू पॉझिटिव्ह राह. बाबांना तुझा मूड लगेच समजून जातो." मूड समजतो, पेपर समजत नाही. आठ महिने रोज व्हिडिओ कॉल करत होता, बाप कॅमेरा सोडून भलतीकडे बघून बोलतो हे याला दिसलं नाही. मग माझ्या लक्षात आलं की मी तर याच घरात होते. फोन ठेवून दिला.

२४ ऑक्टोबर

दवाखान्यातून जाळीचा तक्ता दिला आहे. वहीच्या पानाएवढा कागद, त्यावर आडव्या-उभ्या रेषांची जाळी आणि मधोमध काळा ठिपका. एक डोळा झाकायचा, दुसऱ्याने ठिपक्याकडे बघायचं आणि रेषा सरळ दिसतात की वाकड्या ते सांगायचं. वाकड्या म्हणजे पडद्यात बिघाड. फ्रीजच्या दारावर चिकटवला. सिस्टर म्हणाली, "दीदी, घर में साठ के ऊपर जितने हैं, सब देखा करें." एक म्हातारा सांभाळते तेवढं पुरे आहे मला.

आजची नोंद: डावा डोळा. रेषा वाकड्या, ठिपक्यापाशी खड्डा. हे खरं बोलले असावेत, कारण बोलताना आवाज बारीक झाला होता.

५ नोव्हेंबर

तक्ता: वाकड्या. राग: आहे.

दिवाळी झाली. सगळ्यांना आवाजावरून ओळखत होते आणि कुणाला कळू दिलं नाही. यामिनी शेजारीण म्हणते, "काका तो एकदम फिट हैं." हे हसले. या हसण्याची मला चीड येते. गणितात चुकलेली मुलगी रडली तर मी तिला पुन्हा शिकवायची. चुकून वर हसली तर वर्गाबाहेर उभी करायची. नवऱ्याला कुठे उभं करणार?

१२ नोव्हेंबर

दुसरं इंजेक्शन. तीन तास बसलो. आधी थेंब, मग पुन्हा थेंब, मग आत नेलं. बाहेर आले तेव्हा डोळ्यावर पट्टी होती आणि माझा हात शोधत होते. मी हात दिला, पण रागाने दिला. त्यांना फरक कळला असेल का, माहीत नाही.

डॉक्टर मला म्हणाल्या, "माता जी, आपने अपनी आँख कब दिखाई थी?" मी म्हटलं, "मेरी छोड़िए, इनकी देखिए." माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे, त्या डोळ्यापुढे नुसतं दूध. त्याचं ऑपरेशन या महिन्यात ठरलं होतं, ते पुढे ढकललं. मी पट्टी बांधून बसले तर यांना औषध कोण घालणार? उजव्याचं ऑपरेशन पाच वर्षांपूर्वीच झालं आहे. त्या एका डोळ्यावर माझं सगळं व्यवस्थित चाललंय. लोकांना काय, फुकटचे सल्ले.

२ डिसेंबर

हे न्हाणीघरात दोनदा घसरले म्हणून खरखरीत फरशा बसवून घेतल्या. मोहन मिस्त्री जुना माणूस, आमच्याकडे वीस वर्षं काम करतो, म्हणून विश्वासाने सोपवलं. आज बघते तर काय, नळाच्या बाजूची पूर्ण ओळ वाकडी! मधे फुगून पुन्हा आत गेली आहे. मी मोहनला परत बोलावलं. तो म्हणतो, "अम्मा, लाइन एकदम सीधी है, सूत लगा के देख लो." आणि सूत लावलं. ते सूतही त्याने ढिलं धरलेलं. मी म्हटलं, सूत ताणून धर. तर म्हणतो, "इससे ज़्यादा तो टूट जाएगा, अम्मा. झोल होगा तो दीवार में होगा." नाचता येईना अंगण वाकडं! सगळी ओळ उखडायला लावली.

हे दारात उभे राहून म्हणाले, "विनता, मला तर ठीक दिसून राहिली." ज्यांना पानाएवढ्या नवरीत नगर निगम दिसतं, त्यांना फरशी ठीकच दिसणार. मी तसं म्हणालेही, मोहनसमोर. मग मोहन खाली मान घालून काम करत राहिला.

४ डिसेंबर

ओळ पुन्हा बसवली. पुन्हा वाकडी. सोडून दिलं. हल्ली हाताला वळण असलेली माणसंच उरली नाहीत.

९ डिसेंबर

आज पकडलंच.

सकाळी तक्त्यापुढे उभं केलं. उजवा डोळा झाकला, चष्मा लावला. म्हणतात, "सरळ आहेत."

"नीट बघा."

"सरळच आहेत, विनता. खड्डा पण भरून आला. खरंच!" आणि लहान पोरासारखे हसले.

मी स्वतः तक्ता पाहिला. फ्रीजच्या ओलीने कागद फुगला असणार, रेषा मलाच वाकड्या दिसतायत! ठिपक्याच्या वर सगळी जाळी आत ओढली गेल्यासारखी. मला वाकड्या दिसणाऱ्या रेषा यांना सरळ दिसतात? म्हणजे पुन्हा पाठांतर. मागे "वाकड्या" पाठ होतं, आता इंजेक्शनाचा कंटाळा आला म्हणून "सरळ" पाठ केलं. आठ महिन्यांचं खोटं पुरलं नाही या माणसाला. मी हातातलं पातेलं ओट्यावर आपटलं. खोटारडे आहात, म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा हा शब्द मी यांना तोंडावर म्हटला. हे जाऊन खिडकीपाशी बसले.

१० डिसेंबर

तिसरं इंजेक्शन. मी डॉक्टरांना सगळ्यांसमोर सांगितलं, "ये झूठ बोलते हैं. लाइनें टेढ़ी हैं और ये सीधी बताते हैं. इनकी बात पर मत जाइए." बाकावरचे लोक बघत होते. बघू देत.

डॉक्टरांनी पडद्याचा फोटो काढला. मग हसून म्हणाल्या, "नहीं माता जी, पानी सच में कम हुआ है. दादा ठीक कह रहे हैं." मशीनमध्ये यांचंच डोकं बसवलंय की काय! तक्ता मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. मी म्हटलं, मशीन जुनी झाली असेल. डॉक्टर माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. पुढच्या पेशंटला हाक मारली गेली आणि आम्ही निघालो.

परत येताना ओमतीपाशी रिक्षा अडकली. हे पट्टी बांधून बसले होते. अर्ध्या तासाने म्हणाले, "चौतीस वर्षांत माझा एक शब्द कोणी चॅलेंज नाही केला. पास म्हटलं तर पास."

मी म्हटलं, "मग पेपर का वाचलात खोटा?"

  घरी येऊन मला रडू आलं आणि ते कशाचं ते समजलं नाही.

१७ डिसेंबर

या वहीच्या ओळी धड छापलेल्या नाहीत. सुरुवातीच्या पानांवर ठीक होत्या, पुढे पुढे लाटा. लिहिता लिहिता माझं अक्षर खालच्या ओळीवर उतरतं. पस्तीस वर्षं फळ्यावर हाताने सरळ रेघ मारली मी, पट्टीशिवाय. दुकानदाराला वही दाखवली तर म्हणतो, "आंटी, इसमें क्या खराबी है?" खराबी दाखवली तरी त्याला दिसत नाही.

२६ डिसेंबर

मझौलीकडचा मटर आला आहे, ढीगभर. हे सोलायला बसले. बोटांनी होणारं काम आहे, म्हणून दिलं. मी सोललेले दाणे निवडून घेत होते. हे म्हणाले, "विनता, तुझ्या ताटात अळी आहे."

"कुठे?"

"ती काय, कडेला. हिरवी."

मला दिसली नाही. मला वाटलं, आता अळ्याही बनवायला लागले. ताट फिरवलं, मान तिरकी केली, तेव्हा दिसली. बोटाला लागली असेल यांच्या, दुसरं काय.

७ जानेवारी

डॉक्टर म्हणाल्या, आज इंजेक्शन नको, पाणी आटलं आहे, सहा आठवड्यांनी या. हे बाहेर येऊन मला म्हणतात, "चलो, आज खोव्याची जलेबी खाऊ." खोटं बोलून सुट्टी मिळवली आणि वर जलेबी!

निघताना झेरॉक्सवाल्याकडून मी तक्त्याची नवी प्रत काढून घेतली. दवाखान्यातला कोरा तक्ता घटकाभर मागून, त्यावरून. घरी येऊन पाहिली. तीही वाकडी. आता या शहरात एक सरळ रेघ छापून मिळेना.

८ जानेवारी

सकाळी हे स्टुलावर बसून पेपर वाचायला लागले. आल्हादने पाठवलेलं भिंग डोळ्याला लावून, अडखळत, एकेक अक्षर. "कटंगी... रोड पर... जाम." कसलं नाटक! पूर्वी खोटं वाचायचे ते निदान खणखणीत वाचायचे, आता आंधळ्याचा अभिनय करून वाचतात, म्हणजे मला खरं वाटावं. मी हातातलं लाटणं ठेवलं, बाहेर गेले आणि पेपरवाल्याला सांगितलं, उद्यापासून टाकू नको. खोट्या बातम्या ऐकायला पेपर कशाला हवा?

आत आले. यांनी पेपराची घडी घातली, कडा कडांवर जुळवून, आणि रद्दीवर नेऊन ठेवली. मग मला विचारलं, "कोणत्याच दिवशी नाही येणार?"

"कोणत्याच नाही."

"अच्छा," म्हणाले.

हे "अच्छा" दिवसभर कानात आहे. मी चुकले नाही. पण कानात आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घ्या, गोड बोला. घेतला. बोलणं नाही.

लाडवांचं ताट नेताना मी दाराच्या चौकटीवर आपटले. ती चौकटही मधे झुकली आहे. घराला काय झालंय काही समजत नाही. यांनी हळद आणून दिली. पहिल्याच खेपेला, बरोबर डबा. मी विचारलं नाही कसा सापडला.

२१ जानेवारी

आजचं जसं घडलं तसं लिहून ठेवते. अक्षर कसंही येवो.

पोळ्या करत होते. हे दारात स्टूल घेऊन बसले. पेपर बंद होऊन तेरा दिवस झाले, तरी रोज सकाळी स्टुलावर येऊन नुसते बसतात. आज पानांचा आवाज आला आणि हे वाचायला लागले. तोच पेपर वाचायचा आवाज, पण हळू, शब्दाशब्दाला थांबून.

"दोन डिसेंबर. फरशांची ओळ वाकडी. मधे फुगून पुन्हा आत गेली आहे."

मला वाटलं, झालं सुरू, पुन्हा मनाच्या बातम्या. पोळी उलटली.

"नऊ डिसेंबर. रेषा मलाच वाकड्या दिसतायत. ठिपक्याच्या वर सगळी जाळी आत ओढली गेल्यासारखी."

माझे शब्द! मी वळले. यांच्या मांडीवर ही वही होती आणि डोळ्याला भिंग. मी किंचाळले, "माझी वही वाचता? लाज नाही वाटत?"

"तुझी कुठं आहे? माझ्या डोळ्याची आहे. पहिल्या पानावर तूच लिहिलं," म्हणाले. "पेपर तू बंद केला. मी काय वाचू?"

"किती दिवस?"

"सहा दिवस. एका बैठकीत दहा मिनिटं होतात. मग डोळा थकून जातो." आणि पुन्हा भिंग लावलं. खोटारडे, आंधळ्याचा अभिनय, सगळं यांनी वाचलेलं होतं. त्यातलं एकही वाचून दाखवलं नाही. फक्त एवढंच वाचत गेले: "सतरा डिसेंबर. वहीच्या ओळी. सात जानेवारी. नवी प्रत. तीही वाकडी. चौदा जानेवारी. दाराची चौकट." मग वही मिटली. "फरशी, तक्ता, वही, नवा तक्ता, चौकट. पाच माल, पाच जागचे. अन् सगळ्यांत एकच दोष, मधातच. विनता, पाच मालांत एकच दोष निघाला तर काय करायचं?"

हजारदा ऐकलेलं. आधी आपलं गेज तपासायचं. तव्यावरची पोळी जळायला लागली होती. यांनीच उठून गॅस बंद केला.

मग आत जाऊन यांनी कपाटातली पोलादी पट्टी आणली. तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली असते, आम्हाला कुणाला हात लावू देत नाहीत. ती ओट्यावर ठेवली. "डावा डोळा झाक. उजव्यानं बघ. हे पोलाद आहे. हे वाकत नाही."

मी पाहिलं. पट्टी मधोमध वाकली होती. मी तिच्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाला सरळ लागत होती आणि बोटाखाली वाकडी दिसत होती.

मी म्हणाले, "सरळ आहे."

"आता तू खोटं बोलून राहिली," हे म्हणाले. रागाने नाही. पण मला हवा होता यांचा राग. मी या माणसाला भर दवाखान्यात खोटारडा ठरवलं, मिस्त्रीसमोर आंधळा म्हटलं, पेपर बंद केला, आणि हे मला हळू आवाजात सांगतात. मी ओरडले, "ओरडा ना माझ्यावर!" हे म्हणाले, "दवाखाना नऊला उघडते. चप्पल घाल."

२२ जानेवारी

काल दवाखान्यात फोटो काढला. उजव्या पडद्याखाली पाणी. डॉक्टर म्हणाल्या, "दो महीने पहले आ जातीं तो अच्छा रहता." हेच यांना म्हणाल्या होत्या, तेव्हा मी यांच्याकडे कसं बघितलं होतं ते मला आठवतं. काल यांनी माझ्याकडे बघितलं नाही, रिपोर्टची पिशवी धरून समोर बघत राहिले.

नजर किती परत येईल? डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही, असलेली वाचवू. मला डॉक्टरांचा राग आला की त्यांनी त्या दिवशी मला धरून का बसवलं नाही. मग सिस्टरचा, मोहनचा, आल्हादचा. सगळे मोजून झाले आणि खाली एकच नाव उरलं. तक्ता रोज माझ्या डोळ्यांसमोर होता. रोज मी त्यात वाकड्या रेषा बघितल्या आणि रोज त्या यांच्या नावावर लिहिल्या.

उद्या इंजेक्शन. मला भीती वाटते. हे मी यांना सांगितलं नाही. लिहिलं आहे, वाचतील.

२४ जानेवारी

झालं. हात यांनी धरला होता. त्यात राग नव्हता, मला कळलं. म्हणजे तेव्हा यांनाही कळलंच असणार.

३ फेब्रुवारी

मोहनला फोन केला. म्हटलं, ओळ सरळ होती, चूक माझी. तो म्हणाला, "अम्मा, सूत झूठ नहीं बोलता." मग म्हणाला, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जायचं असलं तर मी गाडी घेऊन येईन. त्याच्यावर चिडायला काही उरलं नाही, याचाही राग आला.

यांची माफी मागायला दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा भलतंच काहीतरी बोलले. एकदा म्हटलं, मीठ कमी झालंय. शेवटी बाहेर जाऊन पेपरवाल्याला सांगितलं, उद्यापासून टाक.

२५ फेब्रुवारी

जाड शाईच्या पेनाने लिहिते आहे, एका पानावर चार ओळी मावतात. परवा दुसरं इंजेक्शन झालं. तक्ता: उजवा डोळा, अजून वाकड्या, पण खड्डा लहान. यांचा डावा: सरळ. दोघांच्या नोंदी आता हेच ठेवतात, समोरच्या पानावर, कारखान्यासारख्या रकान्यांत. माझ्या रकान्यात शेवटी "राग" असंही एक सदर घातलं आहे. तिथे रोज "आहे" लिहितात.

सकाळी पोळ्या करत होते, अंदाजाने. हे स्टुलावर. कटंगी रोड, पाणीपुरवठा, बोर्डाची परीक्षा. भिंग लावून, एकेक अक्षर, सगळं खरं. दहा मिनिटांनी डोळा थकतो, ते मला ठाऊक आहे. मी घड्याळाकडे बघितलं नाही, बघून दिसलंही नसतं. एकदम आवाज खणखणीत झाला.

"जबलपुर में अनोखा मामला. आँख की सुई से महिला की नज़र सुधरी, गुस्सा जस का तस. डॉक्टर हैरान."

"कुठल्या पानावर आहे हे?"

"आतल्या."

मी पोळी उलटली आणि म्हटलं, "पुढे वाचा."